भरल्या गाडीचं माप

आमच्या घरमालकांना दही चालत नसे. वास आला तरी तोंड फिरवायचे. आणि तरी एका उन्हाळ्यात माझ्या हातचं दही रोज सकाळी त्यांच्या गाडीत बसून फिरायला जाई. मागच्या बाकावर, चुंबळीवर ठेवलेलं मडकं, वर फडकं बांधलेलं. कुंभिवलीची माणसं हसायची. म्हणायची, मिस्त्रीनं दह्याला हवा खायला नेलंय.

त्यांचं गॅरेज हमरस्त्याला लागून होतं. घाट चढायच्या आधी ज्या गाड्यांना आपल्या जिवाची खात्री नसायची त्या तिथं थांबायच्या. गॅरेजच्या मागे दोन खोल्या, एकीत मिस्त्री एकटेच राहत आणि दुसरीत आम्ही. आमचे हे खोपोलीला कारखान्यात पाळीवर जात. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दाराआड व्हायची. मिस्त्री मला मामासारखे, वयानं बापाच्याही पुढचे, पण त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलायला मला सव्वा वर्ष लागलं. तेही माझ्याशी बोलत नसत. काही हवं असलं की दारात उभे राहून ह्यांना सांगत, "हिला सांग." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असे.

आमच्या चुलीमागच्या भिंतीला त्यांनी शेवटपर्यंत चुना लागू दिला नाही. दर दिवाळीला मी विचारायची आणि दर दिवाळीला ते म्हणायचे, "बाकीचं घर रंगव. ती भिंत ठेव." का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

माणूस विक्षिप्त होता, यात काही खोटं नाही. कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी त्यावर तीनदा टिचकी मारायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "लोकाच्या घरात शिरताना कडी वाजवतोस ना? मग?" टोपीच्या घडीत नटबोल्ट ठेवायचे, म्हणून कुणाला नमस्कार करताना टोपी खुळखुळायची. गॅरेजच्या भिंतीवर खिळे मारून त्यांनी मोडकं दातेचक्र, फुटलेलं बेअरिंग असं काय काय टांगलं होतं आणि प्रत्येकाखाली खडूनं ते मोडणाऱ्या ड्रायव्हरचं नाव. एक साताऱ्याकडचा ड्रायव्हर आपलं नाव पुसून घ्यायला केळ्यांचा घड घेऊन आला होता. मिस्त्रींनी त्यातलं एक केळं तिथंच सोलून खाल्लं आणि म्हणाले, "केळी गोड हायेत. पन दात तूच मोडलेस." नाव राहिलंच.

खिशात एक लहानशी पाणसळ असायची, गवंड्याकडे असते तशी, आत पाण्याचा बुडबुडा असलेली. जिथं जातील तिथं ती टेकवून बघायचे. देवळाची पायरी, चहाच्या टपरीचं बाकडं, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा. एकदा आमच्या घरी आले आणि माझ्या चुलीवरच्या तव्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. मग बाहेरून दगडाची एक चपटी कपची आणून त्यांनी चुलीच्या एका अंगाखाली ठोकली आणि ह्यांना म्हणाले, "हिला सांग, आता भाकरी डावीकडं करपनार नाय." खरोखरच करपेना. मी आतल्या आत थक्क झाले. वर्षभर मी पिठाला दोष देत होते.

गाडी त्यांनी स्वतः बनवली होती. सांगाडा लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपचा, इंजिन एका म्हाताऱ्या टॅक्सीचं, मागचा धुरा तिसऱ्याच कुणाचा. दारं खालापूरच्या सुताराकडून सागवानाची करून घेतली होती. बसायचे बाक एका फिरत्या सिनेमाच्या तंबूतले, मागच्या बाजूला अजून आकडे रंगवलेले. रंग पाण्याच्या टाकीला लावून उरलेला निळा. लोक तिला खिचडी म्हणत. मिस्त्रींना राग येत नसे. ते म्हणायचे, "खिचडी म्हना. पन करपलेली नाय ना?"

ती त्यांनी हौसेनं केली नव्हती. पळसदरीला त्यांची थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं. सगळे तिला आक्का म्हणत. आक्का पेंढ्याच्या उडवीवरून पडली आणि तिच्या पाठीचा मणका दुखावला. घरातल्या घरात काठीनं चालायची, पण धक्का म्हणून सोसायचा नाही. एकदा बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायला निघाले तर वेशीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही, इतकी ओरडली. त्यानंतर नऊ वर्षं तिनं अंगण ओलांडलं नव्हतं. तिची लेक घाटावर तळेगावला दिलेली, आणि लेकीच्या लेकीचं लग्न त्या वैशाखात करायचं ठरलं. आक्का म्हणाली, "मी फोटूत बघीन." मिस्त्री म्हणाले, "फोटूत नाय. मांडवात. मी नेतो तुला." त्यावर आक्कानं जे सुनावलं ते मिस्त्रींनी आमच्या ओट्यावर बसून ह्यांना जसंच्या तसं सांगितलं होतं. "लग्नाच्या दिवशी नेलंस तर खरं. नाय नेलंस तर ती गाडी मोड नि भंगारात घाल. माझ्यासाठी करतोस म्हनून गावभर सांगत फिरू नकोस."

आणि शिमग्याच्या सुमारास गाडीच्या गिअरबॉक्सचे दात गेले.

मिस्त्रींनी ते दातेचक्र काढलं, रॉकेलनं धुतलं आणि भिंतीवर टांगलं. खाली खडूनं लिहिलं, "मी."

मग घाटात पडलेल्या एका व्हॅनचा गिअरबॉक्स त्यांनी मिळवला. आधीच्याला तीन गिअर होते, ह्याला चार. चढाला उत्तम. पण हा लांबीला वीतभर जास्त आणि बसतो खाली. गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जो फिरता दांडा जातो, तो कापून आखूड करावा लागला. खोपोलीच्या लेथवाल्याकडून तो जोडून आणला, बसवला, आणि पहिल्याच दिवशी गाडी ताशी तीस मैलांच्या पुढे गेली की सीटखाली मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी थरथरायला लागली.

ओट्यावर बसून मिस्त्रींनी ह्यांना सगळं समजावलं. आतून माझ्याकडचं लाटणं आणि दोन पळ्या मागवल्या. मी दाराआडून हात तेवढा बाहेर काढला आणि तिथंच उभी राहून ऐकलं.

"हे लाटनं म्हंजे दांडा. ही पुढची पळी गिअरबॉक्स, ही मागची पळी धुऱ्याचा गोळा. मदे दोन जोड. आता जोड वाकला की फिरताना लंगडतो. एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. समजलं?"

"मग सरळच बसवायचं ना मामा," हे म्हणाले.

"सरळ बसवता येत नाय रं, गिअरबॉक्स वर, धुरा खाली. म्हनून मागचा जोडबी तेवढाच वाकडा ठेवायचा. पुढच्यानं जेवढं लंगडलं, तेवढं मागच्यानं भरून काढलं. चाकाला काय पत्ता लागत नाय. दोन्ही पळ्या एकमेकींना समांतर पायजेत. एक अंश इकडंतिकडं झाला की आक्काची पाठ गेली."

अंश मोजायला त्यांनी शाळेच्या दुकानातून कंपासपेटी आणली होती. आमच्या चौथीपर्यंत ती आलीच नव्हती, म्हणून मी ते अर्ध्या चंद्रासारखं कोनमापक पहिल्यांदा तिथं बघितलं. त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवून खाली नट बांधलेला. त्याची सपाट कड लोखंडाला टेकवायची, दोरा ज्या आकड्यावर लोंबेल तो अंश. इतकं सोपं असतं हे बघून मला शाळा सुटल्याचं वाईट वाटलं.

पण गाडी थरथरते की नाही हे आक्काच्या पाठीला कळणार, मिस्त्रींना नाही. त्यांचं अंग वर्षानुवर्षं ट्रकखाली राहून दगड झालेलं. "माझ्या ढुंगनाला काय कळतंय," असं ते स्वतःच म्हणत. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. दारात आले.

"हिला सांग, उद्यापासून रोज सकाळी एक मडकं विरजन पायजे. लागायच्या आत माझ्या गाडीत. मी फिरवून आनतो. दही लागलं तर आक्का बसंल. मोडलं तर नाय."

विरजण माझ्या माहेरचं होतं. लग्नात आईनं नारळाच्या करवंटीत घालून दिलेलं, आणि तेच मी रोज लावत आले होते. कोमट दुधात चमचाभर घालायचं, ढवळायचं, आणि मग त्याला हलवायचं नाही एवढंच त्याचं मागणं. वैशाखाच्या उन्हात तीन-चार तासांत लागायचं. मिस्त्री मडकं घेऊन चौक गावापर्यंत जायचे, परत यायचे, गाडी सावलीत लावायचे आणि दुपारी फडकं सोडायचे.

पहिले दिवस दह्याचे नुसते तुकडे आणि वर हिरवट पाणी. मिस्त्री गाडीखाली शिरायचे, गिअरबॉक्सच्या बुडाखाली एखादी पट्टी घालायचे, काढायचे, दोरा बघायचे. दहाव्या दिवशी पुढं तीन अंश, मागंही तीन. त्या दुपारी फडकं सोडलं तर दही असं लागलेलं की त्यात छपराची कौलं दिसावीत. मिस्त्रींनी टोपी काढून खुळखुळवली. आणि दही टपरीवाल्या शेवंताबाईला देऊन टाकलं, स्वतः बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुशीत त्यांनी आमच्या ह्यांना आणि टायरवाल्या दोघा भावांना घेऊन खोपोलीला चक्कर मारली. परत आले, फडकं सोडलं. पाणी आणि तुकडे.

मिस्त्री मडकं घेऊन दारात आले. "हिला सांग, विरजन आंबट झालंय. जुनं हाय. टाकून दे."

ते मला लागलं. आंबट म्हणा, पातळ म्हणा, पण टाकून दे? मी मडकं उन्हात तापवलं, दूध बदललं, पुन्हा लावलं. त्या दिवशी दही लागलं. पुढच्या दिवशी मोडलं. मग दोन दिवस लागलं. मग पुन्हा मोडलं. दर वेळी दारातून "आंबट" असं ऐकू यायचं. मिस्त्रींनी तर पाणसळ गॅरेजच्या जमिनीला लावून बघितली, आकाशाकडे बघितलं, एकदा दुधाच्या म्हशीचीसुद्धा चौकशी केली.

मला वादविवाद करता येत नाही. मी कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर लिहायला लागले. दही लागलं त्या दिवशी उभी रेघ, मोडलं त्या दिवशी फुली. मला विरजणाची बाजू मांडायची होती, एवढंच. दूध कुठल्या घरचं तेही बाजूला लिहायची. खिडकीतून दिसायचं म्हणून गाडीत मामांशिवाय किती माणसं बसली तेही ठिपक्यांनी लिहायला लागले. एक माणूस, एक ठिपका.

लग्नाला सहा दिवस राहिले होते. दुपारची वेळ. भाकरी थापता थापता मान वर केली आणि भिंत मला दिसली. म्हणजे रोजच दिसायची, पण तेव्हा दिसली. जिथं जिथं फुली होती तिथं तिथं ठिपके होते. जिथं रेघ होती तिथं एकही नाही.

बाहेर मिस्त्री उलट्या टबवर बसून टपरीतल्या पोराला सांगत होते, "त्या भंगारवाल्याला म्हनावं, उद्या ये. पळसदरीला मी सांज करून जाऊन येतो. सांगतो तिला, फोटूतच बघ म्हनून."

माझे हात पिठाचे होते. तसेच घेऊन मी गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिले. दाराआड व्हायचं सुचायच्या आतच वाक्य बाहेर पडलं.

"मामा, विरजण आंबट नाही. माणसं बसली की मोडतं."

त्यांनी वर बघितलं. मला वाटतं, माझा आवाज कसा आहे हेच त्यांना आधी जाणून घ्यायचं होतं. "कोन म्हनतं?"

"भिंत."

ते उठून आमच्या स्वयंपाकघरात आले. पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर काढून, कडी वाजवून. भिंतीसमोर उकिडवे बसले आणि बोटानं एकेक खूण मोजत शेवटपर्यंत गेले. मग परत पहिल्यापासून. चुलीवर माझी भाकरी करपली, दोन्ही बाजूंनी.

"अरं तिच्या," ते म्हणाले. मग स्वतःच्या कपाळावर एक थाप मारली, टोपीतले नट खुळखुळले. "रिकाम्या गाडीचं माप घेतलं मी! रिकाम्या! मानसं बसली की मागचं अंग बसतं, गिअरबॉक्सची शेपटी खाली जाते, गोळ्याचं नाक फिरतं. दोन्ही पळ्या फिरल्या! आनि मी तुझ्या विरजनाला नावं ठेवतोय."

त्यांनी "तुझ्या" म्हटलं, "हिच्या" नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मानसं आन," ते म्हणाले. "गाडी भरून माप घ्यायचं."

दुपारी माणसं कुठली? पुरुष कारखान्यात नाही तर शेतावर. मी विचारलं, "बायका चालतील?"

"वजनाला बाई-बाप्या नसतं. आन."

मी आजवर कुणाच्या दारात आपणहून गेले नव्हते. त्या दिवशी गेले. शेवंताबाई टपरीमागे कपबश्या धूत होती. मी म्हटलं, गाडीत बसायला चला. तिनं कपबशी खाली ठेवली.

"अगं बया, तुला तोंड हाय व्हय!" मग म्हणाली, "कुठं जायचं?"

"कुठं नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला मला आजवर कोनी बोलावलं नाय गं. थांब, लुगडं बदलते."

तिची सासूही निघाली, पानाचा डबा घेऊन. आम्ही तिघी सिनेमाच्या बाकावर मागे बसलो. पुढे मिस्त्रींच्या जागी तांदळाचं भरलं पोतं आणि आक्काच्या जागी अर्धं. मिस्त्री कोनमापक घेऊन खाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर.

"हलू नका!"

शेवंताबाईला हसू आलं. ती अंगानं थोराड, हसली की गाडीही हसायची.

"हसू नका! हसलं की अर्धा अंश जातो!"

त्यावर म्हातारीही हसायला लागली. मग मीही. खालून मिस्त्री शिव्या घालत होते आणि त्या ऐकून आम्हाला आणखी हसू येत होतं. शेवटी तिघींनी तोंडात पदराचे बोळे घातले तेव्हा दोरा स्थिर झाला.

"लिही गं! पुढं पाच. मागं..." थोडा वेळ गेला. "मागं दोन."

मी कोळशानं हातावर लिहिलं. रिकाम्या गाडीत तीन आणि तीन होते, भरल्या गाडीत पाच आणि दोन.

मिस्त्री बाहेर आले, तोंडभर ग्रीस. "म्हातारे, तो डबा बाहेर ठेव. त्याचं वजन कशाला?"

"का? लग्नाला नेनार नाय व्हय मी डबा?" म्हातारी म्हणाली. ती थट्टाच करत होती. पण मिस्त्री थबकले. तिच्याकडे बघितलं, शेवंताबाईकडे, माझ्याकडे, पोत्यांकडे.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ज्यांचं माप, तीच मानसं घाटावर. तिघीबी चला. डब्यासकट. आनि लग्नापत्तुर कोनी बारीक व्हायचं नाय."

मग पाच दिवस भाता चालू होता. धुरा आणि त्यावरची पाट्यांची स्प्रिंग यांच्यामध्ये बसवायला त्यांनी लोखंडाच्या दोन पाचरी केल्या. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ, कानशीनं घासून घासून. माझ्या चुलीखालच्या कपचीसारख्याच. गिअरबॉक्सची शेपटी एका पट्टीनं उचलली, गोळ्याचं नाक पाचरींनी. रोज दुपारी आम्ही तिघी जाऊन बसायचो, ते मोजायचे, आम्हाला उतरवायचे, गाडी उचलायचे, पाचर काढून पुन्हा घासायचे. टपरीवरची गिऱ्हाईकं चहासाठी हाका मारायची आणि शेवंताबाई गाडीतून ओरडायची, "तुमी आपापला करून घ्या, मी वजनाला बसलेय!"

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खालून आवाज आला, "पुढं चार."

आम्ही श्वास धरला.

"मागं... चार."

"चार नि चार आठ," शेवंताबाई म्हणाली. "उतरू आता?"

"बसून ऱ्हा. मला पुन्यांदा बघू दे."

पुन्हा चारच. पण दही लावून बघायला आता वेळ नव्हता. ह्यांनी विचारलं, "मामा, रिकामी चालवली तर?" मिस्त्री म्हणाले, "थरथरंल. थरथरू दे. रिकाम्या गाडीत कोन बसलंय ऐकायला?" मला जायला परवानगी विचारायची होती, पण त्याआधीच हे म्हणाले, "जा बाई. तू नाही गेलीस तर अंश बिघडायचा."

सकाळी सहाला आम्ही पळसदरीला पोचलो. आक्काच्याच चुलीवर मी दूध कोमट केलं आणि आईचं विरजण घातलं. दोघा पुतण्यांनी आक्काला खुर्चीत उचलून आणलं. काडीसारखी बाई, पण नजर कडक. तिनं मागच्या बाकाकडे बघितलं.

"एवढ्या बायका कशाला रं? वरात हाय का?"

"हे वजन हाय," मिस्त्री म्हणाले.

"वजन म्हनतो मेला!" शेवंताबाई म्हणाली.

मिस्त्रींनी मडकं आक्काच्या मांडीवर ठेवलं. "हे सांभाळ."

"नऊ वर्सांनी घराबाहेर काढतोस नि हातात मडकं देतोस?"

"सांभाळ म्हनतो ना."

गाडी निघाली. आक्कानं एका हातानं मडकं धरलं आणि दुसऱ्यानं दाराची कड, बोटं पांढरी होईपर्यंत. खोपोलीपर्यंत मिस्त्रींनी गाडी पंचविसाच्या वर नेली नाही. घाटात तर चालीनंच चढलो, दोनदा थांबून रेडिएटरला पाणी पाजलं. घाटात काही कळणार नव्हतं, कारण ती थरथर वेग आल्याशिवाय उठत नसे. खरं काय ते लोणावळ्याच्या पुढे, सपाटीला.

लोणावळा गेलं. रस्ता मोकळा झाला. मिस्त्रींनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला. काटा मला मागून दिसत होता. तीस. मी सीटखालच्या पोळ्याची वाट बघत होते. पस्तीस. म्हातारीच्या डब्यातली सुपारी वाजत नव्हती. चाळीस. काही नाही. गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती, फक्त इंजिनाचा आवाज आणि वारा. शेवंताबाईनं माझा हात धरला होता, तो कधी धरला ते मला कळलं नव्हतं.

मग मी बघितलं तर आक्काचा हात दारावरून सुटला होता आणि अलगद मडक्यावर येऊन पडला होता. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले.

शेवंताबाई माझ्या कानात म्हणाली, "गेली का काय गं?"

"गेले नाय," आक्का डोळे न उघडता म्हणाली. "डुलकी घेऊ दे."

मिस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली असावी, कारण पुढे बराच वेळ ते बाहीनं डोळे पुसत गाडी चालवत होते.

तळेगावात मांडवाच्या तोंडाशी निळी गाडी थांबली तेव्हा वाजंत्र्यांनी आपणहून जोर धरला. हळदीच्या अंगानं नवरी धावत आली, मागून तिची आई. आक्काला खुर्चीतून मांडवात नेलं, अगदी पुढे, आणि तिनं सगळं लग्न मडक्यासकट बघितलं. कुणी मडकं घ्यायला आलं तर म्हणायची, "हात लावू नका. हे मला सांभाळायला दिलंय." अक्षतासुद्धा तिनं एका हातानं टाकल्या.

नवरी निघायची वेळ झाली. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही देतात. आक्कानं नातीला जवळ बोलावलं आणि मडक्याचं फडकं सोडलं. मी मागे, बायकांच्या घोळक्यात उभी होते. मला बघवत नव्हतं. आक्कानं चमचा घातला. चमच्यावर दह्याची वडी कापल्यासारखी आली आणि मडक्यात तिची जागा तशीच, कड न ढासळता राहिली. पाण्याचा थेंब नाही.

नातीनं ते हातावर घेतलं, खाल्लं, आणि आजीच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली. आक्का रडली नाही. ती विचारत होती, "विरजन कोनाचं?"

"हिच्या आईचं," मिस्त्री म्हणाले आणि त्या सगळ्या घोळक्यातून बोट करून मला दाखवलं. तीसचाळीस बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुलाबी घाट उतरायचाय," आक्का भावाला म्हणाली. "हात पुढं कर."

"आक्का, मला दही..."

"हात पुढं कर म्हनते ना."

मिस्त्रींनी हात पुढे केला. काळा, रेषारेषांत ग्रीस भरलेला तळवा, आणि त्यावर ते पांढरंशुभ्र दही. त्यांनी डोळे मिटले, औषध घ्यावं तसं ते तोंडात टाकलं आणि गिळलं. शेवंताबाई, म्हातारी, आक्का, सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्यांनी डोळे उघडले आणि मधली सगळी माणसं ओलांडून माझ्याकडे बघितलं.

"आंबट नाय," ते म्हणाले.